आधी मुखपृष्ठ, मग कथा

मराठी ग्रंथव्यवहारात मुखपृष्ठाचा मान मोठा असला तरी त्याचा क्रम मात्र नेहमी शेवटचा राहिला आहे. लेखक हस्तलिखित पुरे करतो, प्रकाशक ते वाचतो, छपाईची तजवीज सुरू होते, आणि मग कुठे चित्रकाराला बोलावणे जाते. कथेत जे सांगून झाले आहे त्याचे सार रंगरेषांत उतरवावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. असे असूनही आपल्या थोर मुखपृष्ठकारांनी या शेवटच्या जागेवरून वाचकाच्या मनावर पहिला अधिकार गाजवला. १९४५ साली दीनानाथ दलालांनी 'दीपावली' हा अंक सुरू केला तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे त्यांच्या चित्रांनी मराठी घरांतली दिवाळी सजवली. आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर रघुवीर मुळगावकरांचे चित्र दिसले की, पुस्तक विकत घेण्यापूर्वीच, दुकानाच्या फळीसमोर उभ्या उभ्या वाचक स्वतःची एक कथा मनाशी रचू लागे. ही बाई कोणाला भिऊन वळून पाहते आहे, खिडकीबाहेरचा तो हात कोणाचा, याची त्याची त्याने दिलेली उत्तरे आतल्या पानांवर बहुधा खोटी ठरत. पण ती कथा त्याची होती, आणि माझ्या मते ती नष्ट होऊ देणे हे आपले मोठे नुकसान आहे.

ती कथा जपण्याचा एक मार्ग आज उपलब्ध आहे. क्रम उलटा करावा: आधी चित्रकारांकडून मुखपृष्ठे मागवावीत, अशा पुस्तकांची की जी कोणी लिहिलेलीच नाहीत, आणि मग लेखकाने त्यांतले एक उचलून त्याच्यावर संवादी कथा, म्हणजे वाचकाच्या निर्णयांनी पुढे सरकणारी कथा, रचावी. इंग्रजीत हा प्रयोग २०१० साली 'कव्हर स्टोरीज' या नावाच्या स्पर्धेने केला. तीत आधी लोकांनी कल्पित खेळांची (संवादी कथांना खेळ असेही म्हणतात) मुखपृष्ठे दिली आणि नंतर लेखकांनी त्यांवर खेळ लिहिले. आपल्या बेळगाव-निपाणी भागात हाच उपक्रम मराठीत करू इच्छिणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांनी संगणकावर पत्रापलीकडे काही लिहिलेले नाही अशांसाठी, पुढील मजकूर आहे.

आपला भाग या कामी दरिद्री नाही. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांचे हात घडवले, आणि १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकून पुढे बोधचित्रकार म्हणून देशभर नावाजले. १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय शहरात आहे. एकसंब्यात जन्मलेल्या जी. ए. कुलकर्ण्यांना कुंचल्याचाही नाद होता, आणि त्यांच्या 'रमलखुणा'तील दोन दीर्घ कथा ज्याने वाचल्या आहेत त्याला, प्रवासातला प्रत्येक मुक्काम ही माणसाची परीक्षा कशी असू शकते, हे वेगळे सांगावे लागत नाही. चित्र आहे, वाचक आहे, कथेची परंपरा आहे; या तिघांची गाठ घालून देणारे कोणी हवे.

प्रथम चित्रे कशी मिळवावीत ते पाहू, कारण येथेच पुष्कळ उपक्रम बेकायदा होऊन बसतात. इंटरनेटवर सापडलेले चित्र उचलणे सर्वथा वर्ज्य समजावे. जुन्या अंकांची मुखपृष्ठे आपल्या घरात असली म्हणजे ती आपल्या मालकीची झाली, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. भारतीय कायद्यानुसार चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९७१ साली निवर्तलेल्या दलालांच्या चित्रांना २०३१ अखेरपर्यंत आणि १९७६ साली निवर्तलेल्या मुळगावकरांच्या चित्रांना २०३६ अखेरपर्यंत वारसांच्या अगर ज्याच्याकडे हक्क असतील त्याच्या लेखी संमतीवाचून हात लावता येत नाही. १९०६ साली वारलेल्या राजा रविवर्म्याची चित्रे मोकळी आहेत, पण माझा आग्रह जिवंत माणसांकडून चित्रे घेण्याचा आहे. कलाशाळांतील विद्यार्थी, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, गणपतीच्या दिवसांत देखाव्यांचे पडदे रंगवणारे, शाळेतले चित्रकला-शिक्षक यांना प्रत्यक्ष भेटावे आणि एकच विनंती करावी: या भागातल्या एका अलिखित पुस्तकाचे मुखपृष्ठ काढा, त्यावर पुस्तकाचे नाव घाला, आणि आत काय असेल ते आम्हाला सांगू नका. शेवटची अट महत्त्वाची आहे. चित्रकाराने कथा सांगून टाकली की लेखक तिचा केवळ लेखनिक होतो.

संमतीचा कागद साधा असावा, पण असावाच. चित्र कोणत्या खेळासाठी वापरले जाणार, खेळ फुकट वाटला जाणार की विकला जाणार, विकला गेल्यास चित्रकाराचा हिस्सा किती, नाव कोठे छापले जाणार, आणि चित्र कापण्याची वा त्यावर अक्षरे चढवण्याची मुभा आहे की नाही, एवढ्या गोष्टी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या म्हणजे पुढली कटुता टळते.

आता मुख्य कामाकडे वळतो. चित्र हाती आल्यावर नवखा लेखक त्यात जे दिसते त्याचे वर्णन करू लागतो, आणि येथेच खेळ मरतो. कारण जे दिसते ते वाचकालाही दिसतेच आहे. चित्र हा साक्षीदार मानावा. साक्षीदार काही गोष्टी स्पष्ट सांगतो, काही अर्धवट सांगतो, आणि काहींविषयी मौन पाळतो; चांगला वकील पहिल्या दोहोंची नोंद करून तिसऱ्याभोवती प्रश्न विचारीत राहतो. लेखकाने कोरा कागद घेऊन याच तीन सदरांत चित्राची फर्द तयार करावी. चित्राने जे सांगायचे टाळले आहे तेच वाचकाच्या हाती निर्णय म्हणून द्यायचे, हे या सबंध कलेचे वर्म आहे असे मी मानतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, निपाणीच्या कोणा विद्यार्थ्याने 'तोल' या नावाचे मुखपृष्ठ दिले. तंबाखूच्या वखारीचे अर्धे उघडे दार. उंबऱ्याबाहेर चपलांचा एकच जोड. आत कौलांतल्या काचेतून पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात टांगलेला तराजू. दोन्ही पारडी रिकामी. आणि तरीही एक पारडे दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. चित्रात माणूस नाही.

घाईने पाहणाऱ्याला यात वखारीचे भकास वातावरण दिसेल आणि तो भुताची गोष्ट लिहील. फर्द करणारा लेखक त्या बोटभर अंतरापाशी थांबेल. रिकामा असता झुकलेला तराजू खोटा असतो. झुकलेल्या पारड्यात तंबाखू घातला आणि दुसऱ्यात वजन ठेवले, तर काटा सरळ यायला वजनाहून कमी तंबाखू पुरतो. आता विडीकामाची रीत आठवावी: घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला पाने आणि तंबाखू मोजून दिला जातो, तेवढ्या मालात अमुक विड्या निघाल्याच पाहिजेत असा हिशेब असतो, आणि मजुरी हजारी दराने मिळते. तंबाखूच कमी मिळाला तर विड्या कमी भरणार, आणि तूट तिच्या हातांच्या माथी बसणार. चित्रकाराने शब्दाविना एका बाईच्या सबंध वर्षाची मजुरी त्या पारड्यात टांगून ठेवली आहे, आणि बहुतेकांच्या ते नजरेलाही येणार नाही.

यावरून खेळ आपोआप उभा राहतो. वाचक म्हणजे आजारी आईच्या जागी माल आणायला आलेली मुलगी. वखारीत शिरताच तिच्यापुढे काही साध्या कृती असाव्यात: चपला काढून आत जा, मुकादमाला हाक मार, भिंतीवरचे कॅलेंडर पाहा, तराजू नीट पाहा. यांतली शेवटची कृती करायलाच हवी अशी सक्ती नसावी. ज्याने तराजू पाहिला नाही त्याची कथा पुढे जावी, माल मिळावा, आठवड्याने विड्या कमी भरल्याचा ठपका यावा, आणि आईने निमूट मान खाली घालावी. ज्याने पाहिला त्याला पुढे एका नाजूक क्षणी एक जास्तीची वाट उघडावी: 'माप दुसऱ्या पारड्यात घालायला सांग.' पारड्यांची अदलाबदल करून मापले की खोट उघडी पडते. सही करून टाकण्याऐवजी एवढे एक वाक्य उच्चारण्याचे धैर्य वाचकाने दाखवायचे की नाही, हा खरा निर्णय. आणि मग चित्रातील दुसरा प्रश्न जागा होतो. बाहेर चपलांचा जोड एकच होता, तो कोणाचा? आत आधीच आलेली दुसरी बाई असेल तर ती साक्ष देईल का, आणि दिली तर उद्या तिला काम मिळेल का? आता निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, आणि खेळ गंभीर होतो.

खेळ पुरा झाल्यावर वाचकाने पुन्हा मुखपृष्ठ पाहिले आणि पहिल्यांदा न दिसलेले ते बोटभर अंतर त्याला दिसले, तर लेखक आणि चित्रकार दोघांचेही काम साधले. म्हणून शेवटच्या पानावर तेच चित्र पुन्हा, कोणत्याही स्पष्टीकरणाविना, जरूर ठेवावे.

येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. निपाणीचा तंबाखू म्हटला की १९८१ सालचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचे आंदोलन, महामार्गावरचा तो ठिय्या आणि एप्रिलमधला पोलिसांचा गोळीबार आठवल्यावाचून राहत नाही. त्यात प्राण गमावलेल्यांची घरे आजही आहेत. एखाद्या मुखपृष्ठाने त्या दिवसांकडे बोट दाखवले तर ते चित्र टाळू नये, परंतु त्या मृत्यूंना हुकलेल्या चालीची शिक्षा किंवा जिंकलेल्या डावाचे बक्षीस करू नये. वाचकाला निवड द्यायची ती माणसाने त्या प्रसंगी कसे वागावे याची. इतिहासाचा निकाल फिरवण्याची नव्हे.

निर्णयांच्या रचनेविषयी एक हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. प्रत्येक टप्प्यावर दोन वाटा आणि असे दहा टप्पे, तर शेवटी १,०२४ निरनिराळे शेवट लिहावे लागतील; कोणाही लेखकाला ते झेपणारे नाही. त्यामुळे वाटा फुटाव्यात आणि थोड्या अंतराने पुन्हा एका ठिकाणी मिळाव्यात. फरक राहावा तो वाचकाने सोबत काय आणले यात. तराजू पाहिला की नाही, खोटे बोलला की खरे, कोणाचा विश्वास गमावला, या गोष्टींची गुप्त नोंद खेळाच्या दप्तरात होत जाते, आणि तिच्या आधारे पुढचा मजकूर बदलतो. तीस-चाळीस छोट्या परिच्छेदांत, तीन-चार नोंदींच्या बळावर आणि तीन शेवटांवर पहिला खेळ उत्तम उभा राहतो. मोबाइलवर वाचणाऱ्याला एका वेळी शंभरेक शब्दांहून अधिक देऊ नयेत.

साधन कोणते घ्यावे? संवादी कथेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात वाचक आज्ञा टंकित करतो आणि संगणक ती समजून घेतो. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतील विल क्राउदर यांचा १९७६ च्या सुमाराचा गुहेतला खेळ; क्राउदर स्वतः केंटकीतील मॅमथ केव्हमध्ये हिंडून नकाशे करणारे गुहासंशोधक होते, आणि पायांखालून घातलेली जागा लिहिली की ती वाचकालाही खरी वाटते, याचा तो पहिला दाखला होय. दुसऱ्या प्रकारात समोर ठेवलेल्या पर्यायांतून निवड करायची असते. एडवर्ड पॅकार्ड यांच्या १९७९ च्या 'द केव्ह ऑफ टाइम' या छापील पुस्तकाने ती तऱ्हा मुलांपर्यंत नेली. मराठीत आरंभ करणाऱ्याने दुसरा प्रकार घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. आज्ञा समजणारी 'इन्फॉर्म'सारखी साधने इंग्रजी वाक्यरचनेवर बेतलेली आहेत, आणि आपल्या नामाला विभक्ती लागताच ते रूप पालटते: 'दिवा घे', 'दिव्यात तेल घाल', 'दिव्याकडे बघ' या तिन्हींत वस्तू एकच आहे हे यंत्राला पटवायचे तर मराठीचे व्याकरण मुळापासून लिहावे लागेल. ते काम कोणीतरी एक दिवस करावे. पहिल्या कथेवर त्याचा भार नको.

पर्यायांच्या कथेसाठी ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली केलेले 'ट्वाइन' हे विनामूल्य साधन पुरेसे आहे. त्यात प्रत्येक परिच्छेद म्हणजे पडद्यावरची एक चौकट. एका चौकटीतून दुसरीकडे वाट काढायची तर दुहेरी चौकोनी कंसात पर्यायाचे शब्द, मग बाण आणि मग त्या चौकटीचे नाव लिहायचे: [[तराजू नीट पाहा->तराजू]]. तेवढे लिहिताच नवी चौकट आपोआप तयार होते. सगळे पुरे झाले की वेबपानाची एकच फाइल निघते आणि मुखपृष्ठाचे चित्र तिच्यासोबत ठेवून ती कोणत्याही ब्राउझरमध्ये, नेटवर्क नसतानाही, उघडते. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा: ट्वाइन ब्राउझरमध्ये चालवले असता मजकूर त्या ब्राउझरच्या पोटातच साठतो, आणि कोणी साफसफाई केली की महिन्याची मेहनत जाते; संगणकावर ते उतरवून घेणे सुरक्षित, आणि तरीही रोज उठण्यापूर्वी एक प्रत दुसरीकडे ठेवावी. पानाची भाषा मराठी अशी नोंदवून 'तिरो देवनागरी मराठी' किंवा 'मुक्ता' असा टंक घ्यावा. योग्य टंक आणि भाषेची नोंद जुळली नाही तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात.

भाषेविषयी मला अधिक आस्थेने सांगायचे आहे. संवादी कथा वाचकाला 'तू' म्हणते, आणि मराठी क्रियापद लगेच विचारते की हा 'तू' बाई की बुवा. 'तू आत गेलास' लिहिले की निम्मा वाचकवर्ग दाराबाहेर राहतो. यावर उपाय तीन. पहिला, वरच्या उदाहरणाप्रमाणे पात्र निश्चित करावे आणि निःशंकपणे 'गेलीस' लिहावे. दुसरा, 'तुम्ही गेलात' असे आदरार्थी लिहावे. स्त्री-पुरुष दोघांनाही ते चालते, पण जवळीक थोडी कमी होते. तिसरा, वाक्याचा कर्ताच हलवावा: 'तू दार उघडलेस', 'तुला पावले ऐकू येतात', 'तुझ्या हाती पावती पडते', यांत लिंग दिसत नाही. कसबी लेखक हा तिसरा मार्ग पानामागून पान चालवतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

संवाद मात्र त्या त्या गावच्या तोंडचे असावेत. आपल्या भागातला माणूस 'काय करायलास' म्हणतो, बाजारात 'एष्ट' विचारतो, पुरे म्हणायचे तर 'साकु' म्हणतो, आणि यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कन्नड शब्द देवनागरीत जसे कानी पडतात तसे लिहावेत, लगेच अर्थ देऊ नये. उलट, भाषेचे हे दुपदरी जगणे खेळाच्या रचनेत घ्यावे. वखारीतली नोंदवही कन्नडमध्ये आहे, ती मुलीला अर्धीच वाचता येते. कोणाला वाचून दाखवायला सांगायचे, आणि ज्याला सांगाल तो सगळे वाचेल का? असा प्रसंग पुण्याच्या लेखकाला सुचणार नाही. तसाच हद्दीचा प्रसंग: निपाणीचा विद्यार्थी देवचंद महाविद्यालयात जातो म्हणजे अर्जुननगरात, महाराष्ट्रात, जातो आणि तास आटोपून कर्नाटकातल्या घरी जेवायला येतो. रोज दोनदा राज्य ओलांडणाऱ्या पात्राच्या वाटेला कोणता प्रश्न आज येईल आणि परतीच्या वेळी तोच कसा बदलेल, याचा विचार केला तरी एका खेळाचे बीज हाती येते.

कच्चा खेळ झाला की तो दुसऱ्याच्या हाती द्यावा. आपण शेजारी बसावे, फोन त्याच्याकडे असावा आणि आपण एक शब्दही बोलू नये. त्याचा अंगठा कोठे थबकतो, कोठे तो न वाचताच पुढे जातो, कोणत्या पर्यायापाशी दोनदा मागे येतो, हे टिपून घ्यावे. अंगठा थबकला ती जागा बहुधा चांगली. न वाचता पुढे गेला ती कापावी. संगणकाशी फारसा परिचय नसलेल्या वाचकाला, शक्य तर ज्यांच्या कामाविषयी खेळ आहे त्यांच्यापैकीच कोणाला, यासाठी बसवावे. मापाची रीत, वखारीतली जागा, मुकादमाची भाषा यांतली चूक त्यांना पहिल्या पानावर दिसेल.

सर्वांत शेवटी खेळ चित्रकाराकडे न्यावा, प्रसिद्ध करण्यापूर्वी. त्याच्या मनात कदाचित वेगळीच कथा असेल, आणि ती आता त्याने खुशाल सांगावी. तिच्यासाठी आपली बदलण्याचे लेखकावर बंधन नाही. परंतु आपल्या चित्राचा अर्थच उलटा झाला आहे असे तो म्हणाला, तर लेखकाने ते मानावे आणि एकतर शेवट बदलावा, नाहीतर ते चित्र साभार परत करून दुसरे घ्यावे. संमतीच्या कागदात हे कलम आधीच घालून ठेवलेले असावे. दोघांचे जमले की पहिल्या पानावर नावे येतील ती या क्रमाने: मुखपृष्ठ अमुकाचे, त्यावरून कथा तमुकाची.